लेझर उर्फ इल्का रेसिंग: पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

पाऊस गेला, ऑक्टोबर उजाडला की क्लबच्या रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावर, दरवर्षी दोनचार नवीन चेहरे दिसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शिडाच्या बोटीचं रेसिंग करायचंय, कुठली बोट घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं, कुठलीच घेऊ नका. निदान पहिला सीझन तरी क्लबची घासलेली, चार जणांनी वापरलेली बोट घ्या आणि रेस पूर्ण करायला शिका. जिंकायला नाही म्हणत मी, पूर्ण करायला. यात काय मोठंसं, असं वाटत असेल तर खाली वाचा.

हे सगळं मुंबई हार्बर डोळ्यापुढे ठेवून लिहितोय कारण मी तिथेच शिकलो, तेही चाळिशीत, पोरंटोरं शेजारून शिट्टी वाजवत पुढे जात असताना.

१. ही बोट नक्की काय आहे ते समजून घ्या

इल्का म्हणजे आपली जुनी लेझर. २०१९ मध्ये नाव आणि बांधणीच्या हक्कांवरून भांडणं झाली आणि क्लासने, म्हणजे या बोटीच्या संघटनेने, नाव बदललं, पण रॅम्पवर अजून सगळे लेझरच म्हणतात, मीही दोन्ही म्हणेन. १९७० च्या सुमारास कॅनडात बोटी बनवणाऱ्या इयन ब्रूसने डिझायनर ब्रूस कर्बीला फोन केला की गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी बोट हवीय, आणि कर्बीने फोन चालू असतानाच समोरच्या पॅडवर रेघोट्या मारल्या. त्या रेघोट्यांतून आलेल्या बोटी आज दोन लाखांवर झाल्यात. लांबी ४.२३ मीटर, हलचं, म्हणजे बोटीच्या नुसत्या धडाचं, वजन ५९ किलोच्या आसपास, शीड एक, माणूस एक.

ही वन-डिझाइन आहे, म्हणजे हल, डोलकाठी, शीड सगळ्यांचं एकाच मापाचं, अधिकृत बिल्डरकडूनच आलेलं, घरी बसून सुधारणा करायची सोय नाही. वेगवान बोट विकत घेता येत नाही हा फायदा, आणि हरल्यावर बोटीवर ढकलता येत नाही हा तोटा. दुसरा सणसणीतच आहे. तुमच्यासारखीच बोट घेऊन समोरची १४ वर्षांची मुलगी शंभर मीटर पुढे जाते तेव्हा सांगायला कारणच उरत नाही.

हल एकच, पण शिडं तीन. इल्का ४ ला ४.७ चौरस मीटर, इल्का ६ ला ५.७६ आणि इल्का ७ ला ७.०६, शिडाबरोबर मास्टचा, म्हणजे डोलकाठीचा, खालचा तुकडा बदलतो, वरचा तोच. निवड वजनावर करायची. ५० किलोच्या आतबाहेर असाल तर ४, ५५ ते ७० मध्ये ६, आणि ७५ च्या वर असाल तरच ७. इथे पुरुषांचा अहंकार आडवा येतो, ऑलिम्पिकला पुरुष ७ आणि बायका ६ चालवतात ना, मग ६५ किलोचा बाप्या ७ घेऊन जातो आणि जरा वारा वाढला की दिवसभर उलटापालटा होत राहतो. मी ६८ किलोचा आहे, ६ चालवतो, काही बिघडत नाही.

ऑलिम्पिकचं निघालंच आहे तर, विष्णू सरवणन हा मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला, म्हणजे आपल्याच पाण्यातला. टोकियोला २०वा, पॅरिस ऑलिम्पिकचं सेलिंग मार्सेला झालं तिथे १८वा, आणि हांगझोऊ एशियाडला इल्का ७ मध्ये ब्राँझ. त्याच एशियाडला नेहा ठाकूरने इल्का ४ मध्ये सिल्व्हर आणलं. चेन्नईची नेत्रा कुमानन टोकियोला ३५वी होती, पॅरिसला २१वी. आणि ही गोष्ट मुंबईतल्याच निम्म्या लोकांना माहीत नसते, १९८२ च्या एशियाडचं सेलिंग दिल्लीत कसं होणार, ते मुंबईच्या समुद्रात झालं होतं, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल नावाच्या बोटींच्या क्लासमध्ये गोल्ड मारलं होतं. तेव्हा हा खेळ आपला नाही वगैरे डोक्यातून काढा.

२. सामान

पोहता आलंच पाहिजे, यावर चर्चा नाही. लाइफजॅकेट अंगात घट्ट बसणारं, खांद्याला धरून कोणी वर उचललं तर कानापर्यंत येता कामा नये. लांब बाह्यांचा लायक्रा, दोरी बांधलेली टोपी, हातमोजे, काउंटडाउन असलेलं साधं वॉटरप्रूफ घड्याळ, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि बूट, रबरी तळव्याचे. अनवाणी जाऊ नका, रॅम्पच्या कडेला दगडांवर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी कापतात, आणि वर खारं पाणी. माझ्या डाव्या अंगठ्याखाली अजून पांढरी रेघ आहे. महागड्या हायकिंग पँटवर पैसे नंतर घाला.

३. बोट रिग करणं

बोटीचं नाक वाऱ्याकडे करून ठेवा, मगच शिडाला हात लावा. मास्टचे दोन तुकडे जोडायचे, शिडाच्या बाहीत घालायचे, तिन्ही बॅटन (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) सरकवायच्या, आणि मास्ट उभा करून हलमधल्या भोकात सोडायचा. त्याआधी त्या भोकात हाताचं बोट फिरवून वाळू आहे का बघा, नळीने धुवा, कारण वाळू आणि मास्ट मिळून तळ अक्षरशः दळून काढतात आणि मग आतून पाणी झिरपतं. उभा करताना वाऱ्याचा झोत आला तर मास्टचं टोक शेजारच्याच्या डोक्यात जातं म्हणून दोघं असलेलं बरं.

मग बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा), व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी), आउटहॉल (शिडाचा खालचा कोपरा मागे ताणणारी), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी), मेनशीट (शीड ओढायची-सोडायची मुख्य दोरी). मेनशीटच्या शेवटी आठाची गाठ मारा. मास्ट दोरीने अडकवून ठेवा, नाहीतर बोट पालथी झाली की मास्ट निघून येतो. डॅगरबोर्डला (मधून पाण्यात सोडायच्या फळीला) इलॅस्टिक, रडरची (सुकाणूची) क्लिप खाली बसली का ते ओढून बघा.

आणि बंग. बंग म्हणजे मागच्या बाजूला ड्रेनच्या भोकाला असतं ते छोटं प्लास्टिकचं बूच. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या रेसला ते नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी पाणी काढायला उघडलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. दहा मिनिटं वाटत होतं मला आज जमत नाहीये, मग वाटलं वारा पडलाय, मग बघतो तर मागचा भाग पाण्याला टेकलाय, टॅक केला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलली, की हलच्या आत पाणी डुबुकडुबुक करत एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातंय. रेस्क्यू बोटीने ओढत आणलं, रॅम्पवर चढवायला सहा जण लागले. तेव्हापासून पाण्यात जायच्या आधी मी बंगला हात लावून मोठ्याने "बंग" म्हणतो, लोक हसतात, हसू देत.

४. भरती-ओहोटी, हा भाग नीट वाचा

परदेशी व्हिडिओ बघून शिकून येणारे इथे फसतात, तलावातले सेलर तर हमखास. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चारपाच मीटर असतो, म्हणजे दीड मजला पाणी सहा तासांत हार्बरमधून बाहेर जातं. बोट तुमची बरोबर चाललीय पण समुद्रच सरकतोय.

तक्ता मोबाइलवर मिळतोच पण कोळ्यांचा हिशोब पाठ ठेवा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, साधारण बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि दुपारभर पाणी चढतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण रेसचा अंदाज बांधायला पुरतं. आता बघा, रेस दुपारी एकदीडनंतर होतात कारण सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा मरगळलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा, पश्चिम-वायव्येकडून, दुपारीच भरतो. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी रेस अख्ख्या ओहोटीत, तेही उधाणाच्या ओहोटीत, हार्बरच्या तोंडाकडे ओढणाऱ्या पाण्यात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. पहिली रेस अष्टमी-नवमीला धरा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाणी कुठे ओढतंय ते बघायला एखादा बॉय (पाण्यावर तरंगती खूण) किंवा नांगरलेली होडी गाठा, पाणी तिच्याजवळून कसं वाहतंय, मागे शेपटी कुठल्या दिशेला पडतेय, अर्ध्या मिनिटात कळतं. अजून एक, सुकतीला किनाऱ्याजवळ बोट पालथी घालू नका. मास्टचं टोक चिखलात रुततं आणि मग वर येतं ते काळं, घाण वासाचं, आणि सगळ्या क्लबला कळतं तुम्ही काय करून आलात.

मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचेसपासून लांब राहा, त्यांच्या लाटा साइडने घेतल्या की नवखा उलटतोच. नेव्हीच्या जहाजांच्या आणि धक्क्याच्या जवळ तर फिरकूसुद्धा नका, तिथे चुकून आलो वगैरे चालत नाही.

५. आधी उलटायला शिका

पहिल्या दिवशी मुद्दाम बोट उलटवा, रेस्क्यू बोट जवळ असताना. मेनशीट मोकळी, व्हँग मोकळी, पोहत डॅगरबोर्डकडे, त्यावर वजन टाकायचं, कड पकडायची, मास्ट वर यायला लागला की आत लोळायचं. बोट सोडून पोहत कुठेही जायचं नाही, कधीच नाही, वाऱ्यात रिकामी बोट तुमच्यापेक्षा जोरात जाते. असं दहा वेळा करा, भीती गेली पाहिजे. मी वारा मागून असताना उलटायला जास्त घाबरायचो कारण बोट अंगावर, वाऱ्याच्या बाजूला उलटते, त्याला डेथ रोल म्हणतात, नाव भयंकर आहे पण प्रत्यक्षात नुसती फजिती.

जाइब करताना, म्हणजे वारा मागून असताना शीड दुसऱ्या बाजूला घेताना, एक लेझरची खास खोड, मेनशीटचा लूप मागच्या कोपऱ्यात अडकतो आणि बूम तिकडेच अडकून बसतो. बूम यायच्या क्षणी मेनशीटला एक झटका द्या, लूप हवेत उचलला जातो. आणि डोकं खाली. व्हँग ताणलेला असला तर अजून खाली.

६. पाच नियम, बाकीचे नंतर

रूलबुक दर चार वर्षांनी बदलतं, सध्याचं २०२५ ते २०२८ चं. सगळं पाठ करायला जाल तर पाण्यात उतरणारच नाही. एवढं ठेवा. वारा उजवीकडून येतोय तो स्टारबोर्ड टॅक, डावीकडून तो पोर्ट, पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. दोघं एकाच टॅकवर असतील तर वाऱ्याकडच्याने वाऱ्याखालच्याला वाट द्यायची. मागच्याने पुढच्याला. मार्कपासून (ज्याला वळसा घालायचा त्या बॉयपासून) तीन बोटींच्या अंतरात, म्हणजे जेमतेम १३ मीटर, आतल्या बाजूला कोणी ओव्हरलॅप घेऊन (नाक तुमच्या बोटीच्या मागच्या टोकापुढे घालून) आलं असेल तर त्याला वळायला जागा द्यायची. आणि कोणी संकटात असेल तर रेस सोडून मदत करायची, हा नियम पुस्तकात सगळ्यात पहिला आहे, उगाच नाही.

चूक झाली तर ताबडतोब बाजूला होऊन दोन गोल फिरायचे, मार्कला नुसती धडक असेल तर एक. फिरा आणि विषय संपवा. वाद घालत पुढे गेलात आणि प्रोटेस्ट झाला तर संध्याकाळी चहा सोडून टेबलापुढे बसावं लागतं आणि डिसक्वालिफाय व्हायची वेळ येते. अंग घुसळून किंवा शीड पंप करून बोट पळवायची नाही, त्याला शिट्टी बसते.

स्टारबोर्डवर असाल तर "स्टारबोर्ड!" असं मोठ्याने ओरडा, लाजू नका. समोरचा क्लबचा सिनियर असला, तुम्ही त्याला एरवी सर म्हणत असलात, तरी पाण्यात तो पोर्टवर असेल तर त्यानेच वळायचं. हे ओरडायला मला दोन महिने लागले, घशातून आवाजच निघेना.

७. स्टार्ट

सगळी रेस इथे अर्धी ठरते. कमिटी बोट (रेस घेणाऱ्यांची बोट) आणि पिन (समोरच्या टोकाचा बॉय) यांच्यामधली कल्पित रेघ म्हणजे लाइन. पाच मिनिटं आधी क्लासचा झेंडा वर जातो, चारला पी, म्हणजे निळ्यात पांढरा चौकोन, एक मिनिट राहिलं की पी खाली येतो आणि लांब भोंगा वाजतो, शून्याला क्लासचा झेंडा खाली आणि सुटलो. झेंडाच खरा मानायचा, भोंगा नव्हे, वाऱ्यात भोंगा ऐकूच येत नाही कधी. घड्याळ पाचच्या झेंड्याला लावा, चारला तपासा.

तुम्ही आधीच लाइन ओलांडली असेल तर एक्स झेंडा लागतो, पांढऱ्यावर निळं अधिकचं चिन्ह. पूर्ण मागे या, लाइनच्या अलीकडे, सगळ्यांना वाट देत, आणि पुन्हा निघा. नाही आलात तर रेस धरली जात नाही, याला ओसीएस म्हणतात, ऑन कोर्स साइड. खूप जण ओलांडले तर पिवळा-निळा त्रिकोणी झेंडा, सगळ्यांनी परत.

आपण लाइनच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे बोटीत बसून कळत नाही, म्हणून ट्रान्झिट घेतात. लाइनच्या एका टोकाबाहेर जाऊन उभं राहायचं, दुसऱ्या टोकाच्या मागे जमिनीवर काय दिसतं ते लक्षात ठेवायचं, मधून बघताना ते टोक आणि ती खूण एका रेषेत आली की तुम्ही लाइनवर. मी एकदा पिनच्या मागे नांगरलेल्या मालवाहू जहाजाचं नाक धरलं. पहिल्या रेसला मस्त स्टार्ट झाला, स्वतःवर खूश. पाऊण तासाने दुसरी रेस, लाइन तीच, मी तेच नाक धरलं, ओसीएस. ओहोटी सुरू झाली होती आणि अख्खं जहाज नांगराभोवती फिरलं होतं. जमिनीवरचं काहीतरी धरा, टॉवर, चिमणी, दीपगृह, जे आपणहून फिरत नाही ते.

पहिले पाचसहा स्टार्ट पहिल्या रांगेत घुसू नका. लाइनच्या मधोमध, दुसऱ्या रांगेत, स्टारबोर्ड टॅकवर. पाणी लाइनकडे ढकलत असेल तर दोनतीन बोटी मागे राहा, लाइनपासून लांब ओढत असेल तर जवळ चिकटून राहा, नाहीतर शून्याला तुम्ही शंभर मीटर मागे असाल. शीड फडफडत ठेवून एका जागी थांबायचा सराव करा, बोट वाऱ्याखाली सरकत जाते म्हणून खाली एक बोटीएवढी मोकळी जागा राखून ठेवा, शेवटच्या दहा सेकंदात तीच जागा वेग घ्यायला लागते. सुटल्यावर पुढच्याच्या शिडाची घाण हवा, म्हणजे त्याने विस्कटलेला वारा, लागत असेल तर टॅक मारून बाहेर पडा, त्याच्या मागे कुथत बसू नका.

८. रेस

वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो तिकडे जाताना, बोट सपाट, अंग बाहेर. पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला की तो पफ, म्हणजे वाऱ्याचा झोत, यायच्या आधी तयार राहा, आला की मेनशीट थोडी सोडा, अंग बाहेर फेका, बोट सपाट झाली की परत ओढा. वारा मागून घेत खाली येताना डॅगरबोर्ड अर्धा वर. मार्क बहुतेक वेळा डाव्या हाताला ठेवून वळायचे असतात, पण सेलिंग इन्स्ट्रक्शन्स वाचा, सगळे गेले म्हणून मी गेलो हे कारण चालत नाही. कोर्स विसरलात तर मात्र पुढच्याच्या मागे जा, दुसरा इलाज काय.

आणि सोडू नका. गुणांचा हिशोब असा, पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि न संपवणाऱ्याला एकूण नोंदलेल्या बोटी अधिक एक. समजा १८ बोटी आहेत, वारा जोरात, पाच जण वैतागून परत गेले, त्यांना प्रत्येकी १९. तुम्ही तीनदा उलटून, मेनशीट दातात धरून, सगळ्यात शेवटी रखडत आलात तर १३. माझा पहिल्या सीझनचा सगळ्यात चांगला नंबर असाच आला होता, बाकीचे घरी गेले म्हणून. सिरीजमध्ये सगळ्यात वाईट रेस बहुधा वगळता येते, ती तुम्ही जहाजाच्या नाकासाठी राखून ठेवा.

९. पुढे काय

मे संपता संपता मुंबईत बोटी आवरतात, पावसात समुद्रात कोणी उतरत नाही. तेव्हा हैदराबाद, जुलैमध्ये हुसेनसागरवर लेझरवाले जमतात, गोडं पाणी, भरती नाही, पण वारा इमारतींमधून असा वळवळत येतो की मुंबईवाले वेडे होतात. तिथे जायचं असेल तर क्लासची मेंबरशिप आणि यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी लागेल का ते नोटिस ऑफ रेसमध्ये आधीच बघा, शेवटच्या दिवशी धावपळ करू नका. स्वतःची बोट घ्यायचा विचार आता करा, सेकंडहँड, आणि घेताना मास्टच्या भोकात पाणी ओतून अर्धा तास ठेवा, पातळी उतरली तर आत गळतंय.

१०. परत आल्यावर

गोड्या पाण्याने सगळं धुवा, ब्लॉक आणि दोऱ्यासुद्धा, मीठ राहिलं की पुढच्या आठवड्यात काही सरकत नाही. शीड घडी घालू नका, गुंडाळा. मग बोट मागे कलती करा, बंग काढा, जेवढं पाणी आत गेलंय तेवढं निथळू द्या, आणि तो बंग खिशात घालून घरी नेऊ नका, टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) दोरीने बांधून ठेवा, उद्या ती बोट दुसरं कोणीतरी काढणार आहे.